केचपचं माहेर

मैत्रिणींनो, आज सकाळी इंग्रजी शब्दकोडं सोडवताना मी चांगलीच गोत्यात आले.

कोड्यात विचारलं होतं: 'चीनहून आलेला शब्द, एके काळी माशांचा खारा रस, आता टोमॅटो. सात अक्षरं.'

"केचप!" मी आनंदाने ओरडले आणि सगळं मोठ्याने वाचूनही दाखवलं.

समोर सासूबाई सॉस लावून भाकरी खात होत्या. तापातून उठल्यापासून त्यांना दुसऱ्या कशाचीच चव लागत नाही. महाडचं आमचं हे घर पिढीजात माळकरी. त्यांचा हात थांबला.

"यात मासा हाय?"

"नाही हो आई. पूर्वी असायचा. आता नुसता टोमॅटो."

आता ही बाटलीही बंद होणार, असं मला वाटलं. त्या मात्र बाटलीकडे बघून हसल्या. "म्हणजे माझ्यासारखाच गो. माहेर खाडीवरचं, सासर माळकऱ्यांचं."

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते आज विचारलं. "आई, तुम्हाला कुठला मासा आवडायचा?"

"निवट्या," त्या हळूच म्हणाल्या, आणि आणखी अर्धी भाकरी मागितली. सॉससकट.

तुमच्या सासूबाई माहेरी काय आवडीने खायच्या, ठाऊक आहे का?