साठ कळ्यांची पृथ्वी

कुणी विचारलं न्हाई तरी सत्यशीला आत्या हे सांगतेच, अन् सांगताना पदर तोंडाला लावून इतकी हसते की अर्धी गोष्ट पदरातच राहून जाते. तिची भाची सुमेधा जाफराबादहून जीपगाडीनं ती काठी घेऊन घरी आली, तव्हा आत्याला वाटलं पोरीनं छत्र्या विकायचा धंदा काढला. उंच काठी, खाली अणकुचीदार टोक, वर पांढरं गोल टोपडं. आत्यानं ती उघडायचा बराच खटाटोप केला. टोपडं पिळलं, काठी आपटली, दाबायची कळ शोधली.

"एवढी शिकली अन् आणली तं एकच छत्री," ती म्हणली, "तीबी उघडून न्हाई राह्यली."

"आत्या, सोड ते. मोजणीचं यंत्र हाय. आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं."

"उपग्रहांशी मंग बोलू दे. आधी तुझ्या बापाशी बोलायला लाव. परवापासून त्यानं तोंडातून शब्द न्हाई काढला."

आता ही सुमेधा कोण ते ऐका. पुंजारामाची थोरली. आत्या म्हणजे पुंजारामाची बहीण, त्याच घरात राहते अन् गावाचे ब्लाऊज-परकर शिवते. त्यामुळं घरात खाकी कागदाच्या गुंडाळ्या पडलेल्या असायच्या, अन् या कार्टीला कोरा कागद दिसला की त्यावर गाव काढायचं असायचं. एकदा केशरबाईच्या ब्लाऊजच्या कागदी मापावर तिनं ओढा, रस्ते, शाळा सगळं काढलं, अन् नेमकी काखेत विहीर आली. आत्यानं धपाटा घातला. मंग विहीर बराबर जागेवर हाय का ते बघायला कागद उलटासुलटा करून पाह्यला. बराबर होती.

पुढं ती जालन्याला भूगोल शिकली, मोजणीचा कोर्स केला, शहरात रस्त्यांचे नकाशे काढायची नोकरी केली, अन् आता जाफराबादला खोली घेऊन शेतं मोजून राह्यली. दारावर पाटी तिच्याच नावाची. ती पाटी बघायला आत्या मुद्दाम जाऊन आली, अन् येताना जीपवाल्याला म्हणली, गाडी पुन्हा त्या पाटीवरूनच घे. लाजणं-बिजणं सुमेधाला जमत न्हाई. "तालुक्यात माझ्याएवढी मोजणी कुणाला येत न्हाई," हे ती जेवताना आणखी वरण मागावं तसं सांगते. आत्या वरून म्हणते, "भाकरी मात्र अजून चौकोनीच करते."

तं त्या दिवशी पुंजारामाचं तोंड का बंद होतं, ते.

त्याच्या शेताला लागून कडूबाचं शेत. कडूबा म्हणजे केशरबाईचा नवरा, गावातला पिढीजात जमीनवाला माणूस, वाईट न्हाई, पण नव्या वस्तूवर फार लवकर भाळणारा. त्यानं तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरमधून एक रंगीत नकाशा छापून आणला. वरून घेतलेला फोटो, त्यावर पुंजारामाच्या शेताभोवती लाल रेघ, अन् कोपऱ्यात क्षेत्राचा आकडा. चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर त्यानं तो पसरला.

"सातबाऱ्यावर पुंजारामाचं चार एकर," तो म्हणला. "अन् कॉम्प्युटर म्हणून राह्यला साडेचाराच्या वर. वरची जमीन आभाळातून पडली का? माझाच बांध कोरला असंल."

पुंजाराम तिथंच बसला होता. ती जमीन त्याच्या बापानं खडी फोडून, पै-पै जमवून घेतलेली. बौद्धवाड्यातल्या माणसानं गावात चार एकर घेणं त्या काळी साधं नव्हतं, अन् म्हणूनच बापानं मरेस्तोवर बांधापासून एक पाऊल अलीकडंच नांगर वळवला. पोरालाही तेच शिकवलं. त्या पुंजारामाला लोकांसमोर चोर म्हणलं गेलं. चहा तसाच ठेवून तो उठून आला.

"देऊन टाकतो त्याला अर्धा एकर," सुमेधा आली त्या रात्री जेवणावरून उठताना तो एवढंच बोलला. "उद्या सगळे बांधावर येऊन राह्यले. भांडण नको."

सुमेधाचा घास थांबला. "बाबा, जमीन दिली म्हणजे चोरी कबूल केली. सरकारी मोजणी होईल तव्हा होईल. पण नाव आज जाऊन राह्यलं."

"अन् कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

कडूबानं तो नकाशा फोनवर गावभर पाठवला होता, तो तिनं मोठा करकरून पाह्यला. आत्या तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. रेघ बरोबर बांधावरून गेलेली. शेताचा आकार हुबेहूब. ओढ्याकडचं वाकणं सुदिक बरोबर. मंग आकडा कसा फुगला? भावाचा पाय चुकून बांधापलीकडं गेला असंल का, असं तिच्याबी मनात येऊन गेलं, अन् त्या विचाराची तिलाच लाज वाटली.

सकाळी सुमेधा लॅपटॉप उघडून बसली, अन् थोड्या वेळानं एकदम हसायलाच लागली. आत्या मशीनवर ब्लाऊज शिवत होती.

"आत्या, तू सपाट कापडाचा ब्लाऊज कसा शिवते?"

"कसा म्हणजे? टक घालून, कापडाला चिमूट घेऊन. टक न्हाई घातला तं कापड कुठंतरी ताणतं, न्हाईतर झोळ येतो. बाई काय फळी हाय का?"

"पृथ्वीबी फळी न्हाई. गोल हाय. तिच्यावरचं सपाट कागदावर आणायचं तं कुठंतरी ताणावंच लागतं. हा फोनवरचा नकाशा हाय न, त्याला टक न्हाई. सगळ्या जगाला एकच अखंड कापड गुंडाळलंय. पृथ्वीच्या कंबरेला, म्हणजे विषुववृत्ताला, ते बराबर बसतं. तिथून वर उत्तरेला जसं जावं तसं ते चारी बाजूनं ताणलं जातं. आकार बिघडू नये म्हणून मुद्दाम तसं करतात. आपल्याकडं येईस्तोवर आठाचं नऊ होतं."

आत्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "म्हणजे शेत तेच, पण ताणलेल्या कापडावर मोजलं."

"बराबर. रस्ता शोधायला तो नकाशा झकास. पण सेंटरवाल्यानं त्याच्यावरच क्षेत्र मोजलं."

"अन् तू कशावर मोजते?"

"पृथ्वीच्या साठ उभ्या कळ्या केल्यात. तुझ्या कळीदार परकराच्या उभ्या पट्ट्यांसारख्या. एकेक कळी अरुंद, म्हणून ती सपाट केली तरी नावाला ताणते. आपण त्रेचाळिसाव्या कळीत. कळीच्या मधोमध एक उभी रेघ, अन् तिथून किती मीटर पूर्वेला, विषुववृत्तापासून किती मीटर उत्तरेला, असा शेताच्या हरेक कोपऱ्याला पत्ता. मधल्या रेघेच्या डावीकडं गेलं तं आकडा उणे येईल, म्हणून त्या रेघेला आधीच पाच लाख मीटर देऊन टाकलेत."

"शिवताना आत जादा कापड सोडतो तसं. माया ठेवली म्हण की."

"आत्या, तुला कॉलेजात पाठवायला पाह्यजे होतं."

"तुला कापड कापायला बसवायला पाह्यजे होतं," आत्या म्हणली, पण ब्लाऊज तसाच टाकून चप्पल शोधायला उठली. ही मजा बांधावर जाऊन बघितल्याशिवाय तिला दुपारची झोप लागली नसती.

बांधावर बरीच माणसं जमली होती. कडूबा प्लास्टिकच्या पिशवीत नकाशा घेऊन आल्ता, केशरबाई भावजयीसोबत डोक्यावर पदर घेऊन कडेला उभी होती. गावचे शिवाजीराव पोलिस पाटील मधे. पुंजाराम खाली मान घालून मातीचं ढेकूळ पायानं फोडत होता. सुमेधानं काठी आत्याच्या हातात दिली. आत्या ती अशी धरून उभी राह्यली की जशी काय मिरवणुकीत निशाण धरलं.

"कडूबा काका, नकाशा छान हाय," सुमेधा म्हणली. "रेघ बराबर मारलीय. आता सांगा, असंच तुमचं शेत मोजलं का?"

"माझं कशाला मोजू? माझं मला ठाऊक हाय. आठ एकर."

"शेजाऱ्याचं मोजायचं अन् आपलं न्हाई?"

"आपलं कोण मोजतं बाई," कडूबा म्हणला, अन् दोन-तीन माना हलल्या, कारण त्या गावात खरंच कुणी आपलं मोजत नव्हतं. सगळे शेजाऱ्याचंच मोजायचे.

सुमेधानं लॅपटॉप बैलगाडीच्या साटीवर ठेवला. सेंटरवाल्यानं जशी केली तशीच मांडणी, तोच फोटो. कडूबाच्या डोळ्यांसमोर त्याच्याच बांधावरून रेघ फिरवली. पोलिस पाटलानं वाकून आकडा वाचला.

"नऊ एकर. वर तीन गुंठे."

मंग केशरबाईनं पदराआडून विचारलं, "अहो, हे एकर कधी घेतलं? मला काही सांगितलं न्हाई."

माणसं फिसकन हसली. कडूबा म्हणला, "पुन्हा मोज." पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ अन् तीन गुंठे. मंग पोलिस पाटलाला राहवलं न्हाई, त्यानं आपलं शेत मोजायला लावलं. वाढलं. त्याच्या चुलतभावाचं मोजलं, तेबी वाढलं. शाळेचं मैदान वाढलं. स्मशानभूमी सुदिक वाढली. कमी कुणाचंच झालं न्हाई.

"गाव फुगलं का काय," कुणीतरी म्हणलं.

"टक घातला न्हाई," आत्या निशाण सावरत म्हणली. "कापड ताणलंय. आठाचं नऊ होतं. केशरबाई, तुम्हाला कळतंय न मी काय म्हणते?"

केशरबाईला लगेच कळलं. आयुष्यभर आत्याकडूनच ब्लाऊज शिवून घेतलेले. तिनंच मंग शेजारच्या बायांना समजावलं, अन् बायांनी आपापल्या माणसांना. पोलिस पाटलाला मात्र दोनदा सांगावं लागलं.

मंग सुमेधानं काठी घेतली अन् पुंजारामाच्या शेताच्या हरेक कोपऱ्यावर टेकवली. हातातल्या छोट्या पडद्यावर आकडे स्थिर झाले की मोठ्यानं वाचायची, पूर्वेचे सहा लाख अन् वर काही मीटर, उत्तरेचे बावीस लाख अन् वर काही. बावीस लाख म्हणल्यावर एक म्हातारा म्हणला, "एवढ्या लांबून मोजून राह्यली, चुकणार न्हाई का?" म्हणून तिनं एका बाजूला फीत सुदिक धरून दाखवली. एक टोक त्या म्हाताऱ्याच्याच हातात दिलं. फीत अन् काठी, दोघींचं म्हणणं एकच निघालं.

"कळीत बसवून मोजलं," तिनं शेवटी सांगितलं, "तं बाबांचं चार एकराला थोडं कमीच भरतं. कडूबा काकांची मघाची रेघबी तशीच मोजली, तं आठच. बांध जिथं हाय तिथं बराबर हाय. अन् हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. सरकारी मोजणीचा अर्ज मी स्वतः भरते, दोघांच्या नावानं. येऊ द्या त्यांना."

पुंजारामानं मान वर केली. टपरीवरून आल्यापासून लोकांसमोर बंद असलेलं तोंड उघडलं अन् पहिलं काय बोलला तं, "थोडं कमी म्हणजे किती?"

"बाबा, नांगर एक पाऊल अलीकडं वळवता न. तेवढंच."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो उगाच त्या म्हाताऱ्याला म्हणला, "ही माझी थोरली. तालुक्यात हिच्याएवढी मोजणी कुणाला येत न्हाई." हे वाक्य सुमेधाच्या तोंडी आत्याला नेहमी आगाऊ वाटायचं. भावाच्या तोंडून ऐकलं अन् तिचीच छाती दोन बोटं वर आली.

पण सुमेधाचं काम संपलं नव्हतं. ती कडूबाच्या समोर जाऊन उभी राह्यली.

"काका, टपरीवर जे म्हणले त्याचं काय?"

"हां, ते," कडूबा नकाशाची घडी घालत म्हणला. "कॉम्प्युटर चुकला. काय करता."

"कॉम्प्युटर कसा चुकला? त्याला ज्या कापडावर मोज म्हणलं त्यावर मोजलं त्यानं. बराबर मोजलं."

"मंग सेंटरवाला चुकला."

"त्यानं घाई केली, ते खरं. पण त्यानं तं नुसता आकडा काढला. बाबांनी बांध कोरला असं तो म्हणला का?"

"तो न्हाई म्हणला."

"नकाशावर तसं लिहिलं होतं का?"

"तसं न्हाई."

"मंग ते कुठून आलं?"

"अगं, तुझा तो नकाशाच ताणलेला..."

"नकाशा चुकला न्हाई, काका. शेताचा आकार त्यानं हुबेहूब दाखवला. रस्ता विचारला असता तं बराबर घरी आणलं असतं. तुम्ही त्याला नको ते विचारलं."

कडूबानं पोलिस पाटलाकडं पाह्यलं. पाटलानं आभाळाकडं पाह्यलं. केशरबाई म्हणली, "म्हणून टाका की. ऊन चढून राह्यलं."

"एवढ्याशा गोष्टीला..."

"एवढीशीच हाय तं जड का जाऊन राह्यली?" सुमेधा म्हणली.

कडूबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कॉम्प्युटर न्हाई चुकला," तो म्हणला.

"अन् नकाशा?"

"तोबी न्हाई."

"मंग कोण?"

"पुंजाराम," कडूबा म्हणला, अन् सगळे चमकले, तोच त्यानं पुढं होऊन पुंजारामाचा हात धरला, "पुंजाराम, मी चुकलो गड्या. आता तुझ्या पोरीला गप कर."