विलायतेत नापास झालेली मुलगी

ज्या माणसावर मला सूड उगवायचा होता, त्याला मी लहानपणापासून काका म्हणत आले. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. माझे वडील ग्वाल्हेर दरबारच्या हिशेबखात्यात कारकून होते, काका शिक्षणखात्यात अधिकारी. माधवगंजात दोघांची घरं एकाच गल्लीत होती. दसऱ्याला दोघं पगड्या बांधून बरोबर निघायचे. सणावाराला काका आमच्याकडे जेवायला असत, आणि आईच्या हातची कटाची आमटी वाटीवर वाटी पीत.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, वर्गात पहिली आले. त्या वर्षी दरबाराने एकाला विलायतेला पाठवायचं ठरवलं होतं. कापडाच्या रंगाईचं शास्त्र शिकायचं, परत येऊन ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या तंत्रशाळेत रंगाईचा वर्ग चालवायचा, अशी अट. काकांना ती जागा त्यांच्या भाच्यासाठी हवी होती. वरून माझं नाव आलं. काका पेढे घेऊन आले आणि वडिलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मुलीची जात. उद्या लग्न करून जाईल, दरबारची जागा फुकट." ते हसले, म्हणून वडीलही हसले. मला वडिलांच्या त्या हसण्याचाच जास्त राग आला होता.

उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावात मी तीन वर्षं शिकले. थंडी, उकडलेला कोबी, काजळीने काळवंडलेल्या भिंती, या सगळ्याची सवय झाली. मध्येच एकदा वाचनालयातल्या वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी वाचली की ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत नावाचं राज्य झालं. मी पान उलटलं. राजे-महाराजांच्या गोष्टी, माझा काय संबंध, असं मला वाटलं.

संबंध होता. नव्या राज्यात खाती एकत्र झाली, माणसं वरखाली झाली. काका वर गेले. आईने लिहिलं होतं की महिन्याभरात त्यांची पगडी गेली आणि खादीची टोपी आली. माझी परीक्षा जवळ आली तेव्हा परतल्यावर कुठे रुजू व्हायचं हे विचारायला वडील त्यांच्या कचेरीत गेले. आता सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. उन्हाळ्यात वडिलांना सांगितलं, फाइल इंदूरला गेली. हिवाळ्यात सांगितलं, फाइल इंदूरहून यायची आहे. ज्या माणसाला त्यांनी घरी पाटावर बसवून जेवू घातलं होतं, त्याच्या दाराबाहेरच्या बाकावर ते चपराशाच्या शेजारी तासन्‌तास बसून राहत. काका आतबाहेर करताना म्हणायचे, "अरे, तुम्ही अजून बसूनच?"

मी पास झाले त्या महिन्यात मला सरकारी उत्तर आलं. विलीनीकरणात ते पद रद्द झालं आहे, अटीतून तुम्हाला मोकळं करण्यात येत आहे. पाठोपाठ आईचं पत्र. तंत्रशाळेत रंगाईचा वर्ग सुरू झाला होता आणि काकांचा भाचा तो चालवत होता.

इथवर मी कदाचित सोसलं असतं. नोकऱ्या सगळ्यांच्याच जात होत्या. पण लोक विचारू लागले की दरबाराने पाठवलेल्या मुलीचं काय झालं, तेव्हा काकांनी मान हलवून सांगितलं, "काय बोलणार. तिकडे नापास झाली बिचारी. घरचे सांगत नाहीत, आपणही विचारू नये." नई सडकेवरच्या दुकानदारांपर्यंत हे पोचलं. आणि मग मला वडिलांचं पत्र आलं. त्यात इकडची तिकडची खुशाली होती, आणि खाली एक ओळ: "बाळ, खरं काय ते मला एकट्याला कळव, पास झालीस ना?"

मी त्या दिवशी ठरवलं की परत जायचं नाही. म्हणजे अशी जायची नाही. या माणसाला माझ्या दारात यावं लागेल, तेव्हा जाईन.

तेव्हा आम्हा लोकांना तिथे राहायला आणि काम करायला वेगळी परवानगी लागत नसे. कामच मिळत नसे, एवढंच. मी गावातल्या झाडून सगळ्या रंगाई-कारखान्यांना अर्ज केले. माझं नाव वाचून काहींनी पुरुष समजून बोलावलं. दारात साडी दिसली की जागा भरलेली असे. एका ठिकाणी टंकलेखन येतं का विचारलं. एकाने विचारलं, लग्न कधी करणार? माझ्या प्राध्यापकांनी प्रेमाने सल्ला दिला की तुझ्या देशाला आता शिकलेल्या माणसांची गरज आहे, तू घरी जा. त्यांना काय सांगणार होते मी? प्रत्येक नकार घेऊन चालत घरी येताना मला काकांचा चेहरा दिसे. ती मान हलवण्याची पद्धत दिसे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघे. देशप्रेम, विद्येची आवड, असलं काही माझ्या अंगात तेव्हा नव्हतं. रागावर मी दिवस काढत होते, आणि राग पोटभर होता.

मी जिच्याकडे राहत होते ती बाई विधवा होती, तरुणपणी मागावर काम केलेली. तिच्या घरामागेच लोकरी कापडाचा एक कारखाना होता. तिथल्या व्यवस्थापकाने मला समोर बसवून सगळं नीट ऐकून घेतलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "बाई, आमच्या रंगशाळेत बायकांसाठी संडासच नाही."

"मी मागच्या गल्लीत राहते," मी म्हटलं. "घरी जाऊन येईन."

त्याच्याकडे दुसरं कारण तयार नव्हतं. तो म्हणाला, आठवडाभर बघू.

पहिल्याच दिवशी त्याने मला लाल रंगाचे दोन तुकडे दिले आणि विचारलं, सारखे आहेत का? दिव्याखाली सारखेच दिसत होते. माझी आई नई सडकेवर साडीला खण जुळवायची तेव्हा दुकानदार कितीही ओरडला तरी कापड घेऊन बाहेर उजेडात येई. मीही तुकडे घेऊन दाराबाहेर गेले. एकात निळसर झाक होती. ती मी रंगाच्या पुढच्या घाण्यात काढून टाकली. आठवडा संपला तरी मला कोणी जा म्हटलं नाही. काही वर्षांनी त्या प्रयोगशाळेची मुख्य मीच झाले.

वडिलांना मी पदवीच्या कागदाचा फोटो पाठवला होता. तो त्यांनी कोणाला दाखवला नाही, असं आई सांगते. दाखवायला जावं तर लोक म्हणतील, विचारलं नसताना का दाखवता. मी परत जाण्याआधीच्या वर्षी ते गेले. माधवगंजातल्या निम्म्या लोकांच्या लेखी तेव्हाही मी नापासच होते.

मी ग्वाल्हेरला आले तो हिवाळा नव्या मध्य प्रदेशाचा होता. मध्य भारत संपला होता, राजधानी भोपाळला गेली होती, कचेऱ्या रिकाम्या होत होत्या. हजिऱ्याकडच्या एका कापडगिरणीने आमच्या कंपनीचे रंग घेतले होते, ते लावून द्यायला मला पाठवलं होतं. मुरारच्या विश्रामगृहापासून गिरणीपर्यंत माझ्यासाठी मोटार असे. मी मुद्दाम ती रोज माधवगंजातून न्यायला सांगायची. ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, उलटा पड़ेगा." मी म्हणायची, पडू दे.

काकांचे दिवस फिरले होते. चार राज्यांचे अधिकारी एकत्र झाल्यावर त्यांच्यावर जबलपूरकडचा एक तरुण साहेब येऊन बसला होता, आणि भोपाळला जायचं की मुदतीआधी घरी बसायचं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं.

मी गेले. काकू होत्या, आणि त्यांची मुलगी होती. मी विलायतेला गेले तेव्हा ती परकरात होती, आता रसायनशास्त्राची बी.एस्सी. झालेली, उंच, अबोल. काकांनी माझी खूप स्तुती केली. मग मुद्द्यावर आले. त्यांचा मुलगा दोनदा बसूनही पदवीला अडकला होता. "त्याला तुझ्याकडे तिकडे कुठेतरी चिकटवून घे. तू तर आता मोठी साहेब. आपल्याच माणसाने आपल्या माणसाचं करायचं."

माझे वडील त्या बाकावर बसले होते तेव्हा हे वाक्य कुठे होतं, असं मी विचारलं नाही. मी चहा पूर्ण प्यायले. मग म्हटलं, "त्याचं नाही होणार, काका. त्याला यातलं काही येत नाही. हिला येतं. हिला मी नेते. आमच्या प्रयोगशाळेत जागा आहे, मला माणूस निवडायचा अधिकार आहे."

काका हसले. "हिचं पुण्याचं स्थळ जवळजवळ ठरलंय."

"बाबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मला जायचंय. मतलब, मुझे सच में जाना है."

काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "विचार करून कळवतो," ते मला म्हणाले. याचा अर्थ काय ते मला ठाऊक होतं. हे त्यांचं कचेरीतलं वाक्य होतं.

मी त्यांना विचार करू दिला नाही. संक्रांत तोंडावर होती. माधवगंजात घरोघरी हळदीकुंकू. मी आईबरोबर एकही घर सोडलं नाही. तिळगूळ घेताना प्रत्येक घरात मी म्हणायची, "काकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. मुलाऐवजी मुलीला विलायतेला पाठवतायत. किती मोठं मन." बायका तोंडात बोट घालत. आई घाबरून माझी साडी ओढायची. दोन दिवसांत लोक काकांना वाटेत थांबवून अभिनंदन करू लागले. पुण्याच्या लोकांचे एक नातेवाईक लश्करातच राहायचे, त्यांनी हे तिकडे लिहिलं, आणि परदेशी जाणारी सून नको म्हणून ते स्थळ मोडलं.

काका आमच्या घरी आले. किती वर्षांनी त्यांनी आमचा उंबरा ओलांडला होता. आईने बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"हे तू मुद्दाम केलंस," ते मला म्हणाले. "माझ्यावर सूड घेतेस."

"हो काका," मी म्हटलं.

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचा आणि माझा किती घरोबा होता."

"त्यांनी मला विचारलं होतं, पास झालीस ना. स्वतःच्या मुलीला. तुमच्यामुळे."

"लोक काहीही बोलतात. मी तसं म्हटलं नव्हतं."

"मग आता म्हणा. नाही पाठवत म्हणा. लश्करात सगळ्यांना सांगा की मुलीला मिळालेली जागा मी नाकारली."

ते गेले. आई म्हणाली, "पुरे झालं आता." मला पुरे झालं नव्हतं. स्टेशनवर काका मुलीला पोचवायला आले. चार ओळखीचे लोक हार घेऊन आले होते, म्हणून त्यांना हसावं लागत होतं. गाडी सुटेपर्यंत मी त्यांचं ते हसणं बघत उभी राहिले. असं सुख मला पदवी घेतानाही झालं नव्हतं.

मुलगी हुशार निघाली. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर होता. पहिल्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघी रंगाची भांडी धूत होतो, तेव्हा तिने विचारलं, "ताई, खरं सांगा. तुम्ही मला माझ्यासाठी आणलं की बाबांसाठी?"

"तुझ्या बाबांसाठी," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

तिने भांडं निथळत ठेवलं. "चलेगा," ती म्हणाली. "काम तर मी करते आहे ना." पुढे ती दुसऱ्या कंपनीत गेली, माझ्या वरच्या जागेवर, आणि तिकडेच राहिली. काकांनी परत बोलावल्यावर तिने दर वेळी येते येते म्हणून लिहिलं.

इथे माझी गोष्ट मला हवी तशी संपली असती. पण पुढच्या वेळी मी ग्वाल्हेरला गेले तेव्हा काकांकडे काही पाहुणे होते आणि मला बघून त्यांनी आग्रहाने आत बोलावलं. भिंतीवर मुलीचा पांढऱ्या कोटातला फोटो होता. काका पाहुण्यांना सांगत होते, "त्या काळात मुलीला एकटी पाठवायची म्हणजे छाती लागते. सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, जाऊ दे, शिकू दे, कमावू दे." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा."

इतक्या वर्षांनी, म्हातारा, टोपी सारखी घसरते आहे, आणि त्याने माझ्या सुडाचासुद्धा हार करून गळ्यात घातला होता. पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "यांनी पाठवली नाही. यांना लाजेकाजेस्तव सोडावी लागली. मी नेली तिला."

काका फोटोकडे बघत बसले. काकू स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, त्यांनी पहिली बशी माझ्या हातात दिली.

"ते सगळ्यांना माहीत आहे, बाई," त्या म्हणाल्या. "लिंबू पिळू का?"