नंबर नसलेले दोन कागद

सिद्राम अण्णा फौजेत आर्मरर होते. बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करून निवृत्त झाले आणि सोलापुरातल्या आमच्या रायफल क्लबात कामाला लागले. मी सात रस्त्यावरच्या एका ऑफिसात कारकून, रविवारी क्लबाचं दप्तर बघतो. त्यामुळे यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं अण्णांनीच पुढे मला सांगितलं, खाली मान घालून.

अण्णांचं खरं काम गोळ्या पारखायचं. एकाच कंपनीच्या गोळ्या, डब्याही सारख्याच, पण वेगवेगळ्या खेपेला भरलेल्या. त्या खेपेला लॉट म्हणतात. एखाद्या रायफलीला एक लॉट मानवतो, दुसरा मानवत नाही, आणि ते उडवून बघितल्याशिवाय कळत नाही. अण्णा रायफल लोखंडी शिकंज्यात आवळायचे, पन्नास मीटरवरच्या कागदावर दहा गोळ्या उडवायचे आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचे. अंतर जितकं कमी तितका लॉट चांगला. अण्णांनी एकदा लॉट सांगितला की कुणी पुन्हा विचारायचं नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांच्या चालण्यात दिसायचा.

क्लबात रुद्राणी नावाची मुलगी होती, एकोणीस वर्षांची. वडील कुंडलिक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. क्लबाचीच रायफल घेऊन पोरगी झोपून नेम धरायची तेव्हा शेजारी फटाका वाजला तरी हलायची नाही. गेल्या मार्चात राज्य स्पर्धा होती. तिच्या रायफलीसाठी चार लॉट पारखायचे होते.

त्या दुपारी अण्णांनी चारही लॉट उडवले. दोन कागदांवर लॉटचा नंबर लिहिला. उरलेल्या दोहोंवर लिहायचा राहिला, कारण मधेच कुणीतरी ट्रिगर अडकल्याची तक्रार घेऊन आलं. अण्णा उठून गेले. तेवढ्यात वावटळ आली आणि टेबलावरचे कागद पार कंपाउंडच्या तारेपर्यंत गेले. अण्णांनी ते गोळा करून आणले. त्यातल्या बिननंबरच्या एका कागदावर दहाही भोकं एका नखाखाली झाकतील अशी होती. दुसऱ्यावर ती वर-खाली विखुरलेली. पण कुठला कागद कुठल्या लॉटचा?

पुन्हा उडवायचं म्हटलं तर वीस गोळ्या आणि पाऊण तासाचं काम. पण कोच अण्णाराव दारात उभे होते. "काय अण्णा, झालं का?"

"झालं की."

"कुठला?"

नंबर टाकायला विसरलो, एवढं म्हणायचं होतं. अण्णांनी आठवल्यासारखं केलं आणि एका डबीवर बोट ठेवलं. अण्णारावांनी त्याच लॉटचे डबे रुद्राणीच्या पिशवीत घातले.

स्पर्धेत ती सहाशे तीन गुणांवर थांबली. सरावात सहाशे पंधराच्या खाली येत नव्हती. निवड दोन-तीन गुणांनी हुकली. क्लबात परत आल्यावर अण्णारावांनी तिच्या निशाणांचा छापील कागद टेबलावर पसरला. भोकं आडवी पसरली नव्हती, नुसती वर-खाली होती.

"श्वास," अण्णाराव म्हणाले. "श्वास सोडताना ट्रिगर दाबतेस तू. दुसरं काय?"

दुसरंही एक असतं. गोळीतली दारू कमी-जास्त भरली गेली की एक गोळी वेगात जाते, एक मंद, आणि भोकं अशीच वर-खाली पडतात. टेबलाशी उभ्या असलेल्या अण्णांनी एका नजरेत ओळखलं, आपण दिलेला लॉटच चुकला होता.

रुद्राणी त्यांच्याकडे आली. "अण्णा, तुमी एवढं पारखून दिलं होतं. मीच घाण केली. माफ करा."

"असू दे, पोरी," अण्णा म्हणाले. हे तीन शब्द मला सांगताना त्यांना कितीतरी वेळ लागला.

त्यानंतर महिनाभर ती रोज सकाळी चटईवर झोपून श्वास आवरायची. अण्णाराव घड्याळ घेऊन शेजारी. एकदा श्वास इतका धरला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती भिंतीला धरून बसली. पाणी अण्णांनीच दिलं. गुण वाढेनात, उलट घटायला लागले, कारण आता तिचं लक्ष निशाणापेक्षा स्वतःच्या छातीकडे जास्त होतं. मग एक दिवस ती म्हणाली की आई टॉवेलच्या शिलाईला जाते, तिथंच जागा आहे, पुढच्या महिन्यापासून जाईन.

त्या दिवशी सगळे गेल्यावर अण्णांनी तिच्या उरलेल्या डब्यातल्या दहा गोळ्या शिकंज्यातून उडवल्या. भोकं वर-खाली. मग दुसऱ्या लॉटच्या दहा. एका नखाखाली. घरी जाऊन त्यांनी बायकोला, नागूबाईंना, सगळं सांगितलं.

"पोरीला सांगितलं का?"

"न्हाय."

"मग मला कशाला सांगताय?" नागूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद घेऊन अण्णा सायकलीवर रुद्राणीच्या घरी गेले. कुंडलिक नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा ठेवायला सांगितला. तो मान बघून अण्णांना उभं राहवेना आणि बसवेनाही. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं: नंबर लिहिला न्हाय, अंदाजानं डबी दिली, नंतर कळलं तरी गप बसलो.

कुंडलिक म्हणाले, "चूक हुती माणसाकडून, अण्णा. चहा घ्या."

रुद्राणी दोन्ही कागद हातात घेऊन बघत होती. "म्हणजे माझा श्वास बरोबर होता?"

"व्हय."

"पैल्या दिवशीच ठाऊक होतं तुमाला?"

"व्हय."

"मी तुमची माफी मागितली तवा पण?"

अण्णांनी मान हलवली. ती उठली आणि आत गेली. चहा समोर आला, तो अण्णांनी प्यायला, कारण न पिऊन जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

तिथून ते थेट क्लबात आले आणि अण्णारावांना, आम्हा चार-पाच जणांसमोर, तेच पुन्हा सांगितलं. अण्णाराव ओरडले नाहीत. त्यांनी स्वतःही महिनाभर पोरीला नको ते शिकवलं होतं. त्यांनी फक्त गोळ्यांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. अण्णांनी ती लगेच दिली.

रुद्राणी शिलाईला गेली नाही. पंधरा दिवसांनी चटईवर आली आणि दुसऱ्या लॉटनं सहाशे सोळा मारले. टाळ्या वाजल्या तेव्हा अण्णा मागच्या खोलीत रायफलीची बॅरल पुसत होते. बाहेर आले नाहीत.

दिवाळीनंतर नवे लॉट आले. अण्णारावांनी किल्ली रुद्राणीच्या हातात ठेवली. शिकंजा आवळायला अजूनही अण्णांसारखं कुणी नाही, म्हणून तिनं त्यांना बोलावलं. कागद तिनं लावले, मोजमाप तिनंच घेतलं. अण्णांनी गोळ्या उडवल्या. दोन तासांत ती कामाशिवाय एक शब्द बोलली नाही. शेवटी डबे उचलताना म्हणाली, "उद्या दहा वाजता या. अजून दोन राहिलेत."

अण्णा दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच येऊन बसले होते. मी विचारलं, बोलली का काही? ते म्हणाले, "न्हाय. आन् मला बी तिच्याकडं बघवत न्हाय अजून."