आण्णांच्या कुत्र्याचा नेम

आजवर मी सरकारशी भांडलो, एकदा तर स्वतःच्या वडिलांविरुद्ध पत्रक काढले. पण माणसाला जागच्या जागी हतबल करण्याची जी शक्ती आमच्या शेजारच्या आण्णांत होती, ती साऱ्या इंग्रजी अमलात मला आढळली नाही. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत ते पाला पारखायला होते. मूठभर पाला नाकाशी धरून तो कुठल्या रानातला, हे डोळे मिटून सांगत. स्वतः जैन, तंबाखू कधी जिभेला लावली नाही. सकाळी सातला घर सोडायचे ते ऊन कलल्यावर परतायचे, सूर्य बुडायच्या आत भाकरी खाण्यापुरता वेळ राखून. बायको वारून वर्षे झालेली, मूलबाळ नाही.

अशा माणसाने कुत्रे पाळावे? सदलग्याला बहिणीकडे गेले आणि येताना उपरण्यात पिल्लू घेऊन आले. मी तोंडावर विचारले, कुलूपबंद घरात हा जीव दिवसभर काय करणार? आण्णा शांतपणे म्हणाले, "मी बी वखारीत दिवसभर एकटाच असतोय की. शंभर माणसं असली म्हणून काय झालं?" नावही ठेवले नाही. घरात दोघेच, हाक दुसऱ्या कुणाला लागायची भीती नाही, असे त्यांचे म्हणणे.

दोन घरांत एकच भिंत. आण्णांनी कुलूप लावले की पलीकडे रडगाणे सुरू. साम्राज्यशाहीवरची माझी उत्तमोत्तम वाक्ये त्या विव्हळण्यात वाहून गेली आहेत. तक्रार केली, तर आण्णांनी किल्लीच माझ्या हातात ठेवली. "तुला तरी काय काम असतंय रं? कागदंच काळं करायचं, ते तिकडं बसून कर." देशकार्याची ही किंमत! संतापाने मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. किल्ली मात्र परत केली नाही. पुढे पत्रकाचा मजकूर मी कुत्र्याला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या परिच्छेदाला ते झोपी जाई. बैठकीतली मंडळी पहिल्यालाच झोपत, एवढेच समाधान.

खरा वैताग होता जेवणाचा. कुत्र्याला कांदा नाही, लसूण नाही, पाणी गाळलेले. सकाळी वाटीभर दूध. बाकी सगळी भिस्त संध्याकाळच्या भाकरीवर, तीही आण्णांच्या शेजारी बसून. सूर्य बुडाला की आण्णा थाळी उचलत. वर्षभरात त्या जनावराने हा नेम असा अंगी बाणवला की दिवस मावळल्यावर समोर तुपातली पोळी धरली तरी तोंड फिरवी. माझ्या हातून तर दिवसाही खात नसे. ही धर्माची सक्ती आहे, असे मी ठणकावले. "सक्ती कुठली? मी जेवतोय, ते बघतंय," आण्णा म्हणाले.

त्याच साली हंगाम जोरात आला आणि मालकांनी हुकूम काढला, की दिवे लागून तासभर होईपर्यंत कुणी वखार सोडायची नाही. पाला निवडणाऱ्या बायकांची लेकरे घरी उपाशी. मी तीन पत्रके काढली, दारात उभा राहून घसा फोडला. सह्यांचा अर्ज घेऊन आण्णांकडे गेलो, तर म्हणाले, सह्याबिह्या आपल्याला जमायच्या नाहीत, मी माझी संध्याकाळची भाकरी डब्यात नेतो, झाले. त्यांचे झाले, कुत्र्याचे कुठे झाले? दोन दिवस ते अंधारात परतले आणि दोन दिवस थाळी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी कुत्र्याने सकाळचे दूधही हुंगले नाही.

त्या दिवशी ऊन कलताच आण्णा हातातला पाला खाली ठेवून मालकांसमोर उभे राहिले. मी पत्रके घेऊन दारातच होतो. मालकही जैन, त्यांना जेवायला घरी नेणारा टांगा जोडून तयार.

"आप्पा," आण्णा म्हणाले, "तुमचा नेम तुमी पाळता. माझं कुत्रं बी पाळतंय. दोन दिस उपाशी हाय. मी आता घरी जाणार. उद्या येऊ का नको, तेवढं सांगा."

नेम मोडायला लावणे पाप, मुक्या जिवाला उपाशी मारणे त्याहून मोठे, आणि सकाळी देवळात ही गोष्ट सगळ्यांना कळणार. मालक टांग्याकडे बघत म्हणाले, "जा." तेवढ्यात पाला निवडणारी एक म्हातारी पदर झाडत उठली. "मग आमची पोरं काय कुत्र्याच्या खाली आली व्हय, आप्पा?" तिच्यामागे साऱ्याच उठल्या. दुसऱ्या दिवसापासून वखार सूर्यास्ताआधी सुटू लागली.

माझ्या तीन पत्रकांचे श्रेय एका कुत्र्याने खाल्ले! विजयाच्या पत्रकात त्याचा उल्लेख नको, असा ठराव समितीत मीच मांडला. ते पत्रक आण्णांना वाचून दाखवले. "लई बरं लिवलंयस," म्हणाले, आणि त्याच कागदावर कुत्र्याला भाकरी वाढली.

पुढे चळवळीत मी हिंडलग्याच्या तुरुंगात होतो. तिथे संध्याकाळचे जेवण उजेड असतानाच मिळे. पहिल्या घासाला रोज आण्णा आठवत आणि मला स्वतःचाच राग येई. सुटून आलो तेव्हा पलीकडच्या दाराला कुलूप नव्हते. आण्णा थंडीत गेले होते. सदलग्याची बहीण तेवढी कुत्र्यापाशी थांबली होती. तिने दोर माझ्या हातात दिला. "जाताना म्हणला, शेजारचं ते तुरुंगातनं सुटून आलं की कुत्रं त्याच्याकडं द्या. त्याला तरी काय काम असतंय."

आता मला तालुकाभर काम आहे, सकाळपासून. तरी ऊन कलले की मी भर बैठकीतून उठतो. मंडळी चिडतात, मध्येच कुठे म्हणून विचारतात. काय सांगणार? घरी येतो, आण्णांच्या थाळीत भाकरी कुस्करतो, आणि शेजारी स्वतःचेही ताट वाढून घेतो. मी जेवायला लागल्याखेरीज ते खात नाही.