कारभारनीनं घेतलेलं नाव

पासलीपासनं नसरापूरपतूर माझं नाव घेत न्हाई असं एक घर तुमास्नी घावायचं न्हाई. निम्मी घरं शिवी द्यायला घेत्यात, आन् जिनं घ्यावं त्या माझ्या कारभारनीनं तर उभ्या संसारात घेतलं न्हवतं.

आमच्याकडं बाई दादल्याचं नाव घेत न्हाई. घेतलं तर त्येचं आयुष्य कमी व्हतं म्हनत्यात. घ्यायचंच झालं तर लगनात, सनासुदीला, उखान्यात गुंफून, लाजत. आमची त्येबी घेईना. वरात दारात आली, बायकांनी उंबऱ्यात आडवलं, "नाव घे, मंग आत ये." ही उभीच. जेवान निवलं, वाजंत्रीवालं पेंगाय लागलं, पर हिच्या तोंडातनं हूं न्हाई का चूं न्हाई. शेवटी माझी आईच वैतागली, "ये बाई आत, समद्यास्नी उपाशी मारशील."

म्या बी काय कमी न्हवतो. घरच्या गाईला खोंड झालं, त्येला म्या माझंच नाव ठेवलं. म्हटलं, आता हाक कशी मारती बघू. तिनं खोंडालाच "आवो" म्हनाय सुरुवात केली. "आवो, तिकडं कुठं निघाला?" म्हटली की आमी दोघंबी वळून बघायचो. दोघांत खोंड आधी ऐकायचं.

त्या उंबऱ्यातल्या नवरीचंच सोंग म्या जत्रंत काढाय लागलो. शाळंचं तोंड बघितलं न्हाई, पर डोईवर पदर घिऊन लाजाय मला कुनी शिकवाय लागलं न्हाई. उखाना ओठापतूर आनायचा आन् गिळायचा, पुन्यांदा आनायचा, पुन्यांदा गिळायचा. वेल्ह्याच्या जत्रंत मानसं पोट धरून लोळायची. कारभारीन लांब बायकांत बसायची, तोंडात पदर कोंबून. घरी आल्यावर म्हनायची, "लाज न्हाई वाटत, बायकूचं सोंग काढाय?" म्हनताना तिचं खांदं हसून हलत आसायचं. बाकी जत्रा हसली काय आन् न हसली काय, म्या त्या खांद्यांसाठी नाचायचो.

मंग तिचं इसरनं सुरू झालं. लढाईचं दिस व्हतं, राकेल मिळंना, वाटलं अंधारात चुकत आसंल. म्या जेवून हात धुतला की ही पुन्यांदा ताट वाढायची. "आवो, आजून जेवला न्हाई?" म्या पुन्यांदा बसायचो. सून बघत ऱ्हायली की तिला सांगायचो, "दुसरी पंगत हाय माझी." कवाकवा तिसरी बी व्हायची. त्या साली समदं गाव वाळलं आन् म्या एकला सुटलो.

पर पोटात घालून घालून किती घालनार? भाताची कापनी चालली व्हती. ही उठून वाळल्या खाचरात उतरली आन् आवनी कराय लागली. हातात रोप न्हाई, रिकामीच बोटं ढेकळात रवत, वाकून, मागं मागं सरत, ओळ जरा बी वाकडी न्हाई. म्या बांधावरनं वरडलो, "आगं, पाऊस तरी पडू दे!" कापनीवाली समदी हसली. तिनं वर बघितलं आन् म्हटली, "रोपं कमी पडत्याली बगा." तवा म्या खाली उतरून तिच्या बोटांची माती झाडली.

भावकी म्हटली, बाहेरचं हाय, रानातनं काय तरी लागलंय. देवऋशी आला. त्येनं कोंबडं तिच्यावरनं उतरवलं, अंगारा लावला, आन् कोंबडं घिऊन गेला. थोरला भाऊ म्हटला, "येड्याच्या इस्पितळात घाल, न्हाईतर खांबाला बांधून ठेव. एक दिस घर पेटवंल ती." सून तान्हं पोर तिच्या हातात देईना. ती हात पुढं करायची आन् सून पोर घिऊन चुलीकडं जायची. मला येवढंच पायजे व्हतं, की कुनीतरी शिकल्याल्या मानसानं सांगावं, ही बरी हुईल. म्हून भोरच्या डाक्तरकडं न्यायचं ठरवलं.

मोटारीचा त्या दिसांत भरवसा न्हवता. म्या गाडी जुपली, आत पेंढा घातला, डाक्तरसाठी नव्या तांदळाचं गठुडं घेतलं. वाटंत मुक्काम करत भोरला पोचलो. वाटंनं ती झाडं वळखायची, नदी वळखायची. म्हटलं, ह्ये काय फार बिघडल्यालं न्हाई.

डाक्तर तरना व्हता, पर आवाज मऊ. त्येनं तिच्या डोळ्यांत उजेड मारला, गुडघ्यावर हातोडी ठोकली. मंग इचारलं, "बाई, आता महिना कोणता चाललाय?"

म्याच बोललो, "सायेब, आमाला म्हैनं कुठनं ठावं, आमाला पाऊस आन् थंडी येवढंच—"

"पेशंट कोण आहे? तुम्ही का त्या?"

"तसं बघाय गेलं तर दोघंबी—"

"तुम्ही गप्प बसा बरं जरा."

गप्प बसाय मला आजवर कुनी येवढ्या मऊपनानं सांगितलं न्हवतं. बसलो. ती म्हटली, "आवनीचा म्हैना." भायेर उन्हात धुळा उडत व्हता. मंग डाक्तरनं किल्ली, काड्याची पेटी आन् सुपारी मेजावर मांडली, तिला दावली, वर रुमाल टाकला. जरा येळानं इचारलं, "रुमालाखाली काय आहे?" ती म्हटली, "तुमचा रुमाल हाय, तुमीच बघा की." कंपौंडर हसला. म्या बी हसलो. डाक्तर काय हसला न्हाई.

"मालकांचं नाव काय, बाई?"

आता मला ऱ्हावलं न्हाई. "सायेब, त्ये नगा इचारू. त्ये ध्यानात आसून बी ती सांगायची न्हाई. त्येच्यापायी आमच्या लगनाचं जेवान—"

तिनं सांगितलं.

माझं नाव, माझ्या बापाचं नाव, आडनाव, समदं. मोठ्यानं, साफ, चावडीवर सांगावं तसं. पदर सावरला न्हाई, मान खाली घातली न्हाई. माझ्या म्होरं बसून, माझ्याकडं बघत.

कंपौंडर म्हटला, "वा, हे बरं आठवलं!" डाक्तर लिवाय लागला व्हता, त्येचा हात थांबला. त्येची आई बी अशीच कुठल्या तरी उंबऱ्यात उभी ऱ्हायली आसंल, त्येला समजलं. मला तर समजलंच व्हतं. दादला म्होरं हाय ह्ये जिला ठावं हाय, ती जीव गेला तरी ह्ये नाव आसं उच्चारनार न्हाई.

डाक्तरनं हळू इचारलं, "मग हे कोण बसलेत?"

तिनं मला वरपासनं खालपतूर बघितलं, बाजारात बैल बघावा तसं. "गाडीवान आसंल. त्येच्याच गाडीतनं आलो आमी."

डाक्तर मला भायेर वसरीवर घिऊन गेला. म्हटला, "बाबा, हे भूत नाही आणि वेडही नाही. मेंदू झिजत चाललाय. आत्ताचं आधी जातं, जुनं मागाहून जातं. याला औषध नाही, खोटं कशाला सांगू?"

"बरी कवा हुईल?"

"होणार नाही. बांधू नका, मारू नका, वाद घालू नका. कुणीतरी सारखं जवळ राहा."

आजवर भुताची भीती वाटायची. त्या दिशी वाटलं, भूत आसतं तर बरं झालं आसतं. भूत कोंबडं घिऊन तरी जातं. तांदळाचं गठुडं तिथंच ठेवलं. डाक्तर नगं म्हटला, पर आता पुन्यांदा गाडीत उचलून ठेवायची माझ्यात ताकद न्हवती.

परत निघालो. भोर मागं पडलं. ती पेंढ्यावर बसून रान बघत व्हती. ज्येला जन्मभर एकच काम येतं, त्यो दुसरं काय करनार? वडाच्या सावलीत गाडी थांबवली, खांद्यावरचं उपरनं डोईवर घेतलं, आन् तिच्या म्होरं ती उंबऱ्यातली नवरी काढली. लाजलो, मुरडलो, उखाना ओठापतूर आनला, गिळला, पुन्यांदा आनला. दाढीवरनं पानी गळत व्हतं, तरी सोंग काय सोडलं न्हाई. म्हटलं, एकदा तिचं खांदं हलू देत, बास.

तिनं समदं बघून घेतलं. खांदं हललं न्हाईत.

"ह्ये सोंग आमच्या मालकाचं हाय," ती म्हटली. "तुमास्नी न्हाई जमत, गाडीवानदादा. बैल हाका."