पहिलं ‘नको’

माझं शेवटचं पोस्टिंग एडमंटनला होतं. कॅनडाच्या आर्मीत मेडिक, रँक मास्टर कॉर्पोरल. त्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या जंगलाला आग लागली आणि एक लहान गाव रिकामं करायला आमच्या सेक्शनला पाठवलं.

काम साधं होतं. दार ठोकायचं, परिस्थिती सांगायची, ‘येता का?’ विचारायचं. शुद्धीतला मोठा माणूस नाही म्हणाला, तर नाव आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहून घ्यायचा, दाराला नारिंगी टेप बांधायची, पुढच्या घराकडे वळायचं. कुणाला ओढून न्यायचा अधिकार आम्हाला नव्हता. चार दिवसांत तीन टेपा बांधल्या. झोप शांत लागत होती.

पाचव्या दिवशी वारा फिरला. दुपारी २:३५ला रेडिओवर ऑर्डर आली. आग गावाच्या एकुलत्या एका रस्त्याकडे सरकत होती. तीनच्या आत बाहेर पडायचं होतं. ट्रकमध्ये अकरा माणसं बसली होती, त्यात एक तान्हं बाळ. सार्जंट मॅकलाउड शेवटच्या घरातून बाहेर आला. दाराला टेप बांधून त्याने यादी माझ्या हातात दिली.

शेवटचं नाव होतं मालती वानखेडे, वय एकोणऐंशी. मुलगा कामावर अडकलेला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“नो, थँक यू. टेक द चिल्ड्रन. हसून म्हणाली. डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे.”

“कितीदा विचारलंत?”

“एकदा.”

“सार्जंट, आमच्याकडे पहिलं ‘नको’ धरत नाहीत. साधी पोळी वाढायची तरी तीनदा विचारतात.”

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. “मला दोन मुली आहेत. नो म्हणजे नो, असं शिकवून मी त्यांना वाढवलंय. या बाईचं नो मी कमी का मानू?”

मी यादी खिशात घातली आणि त्या घराकडे वळले.

त्याने घड्याळ पाहिलं. “ट्रक आत्ता निघतोय. पिकअप तुला. दहा मिनिटं. ती आली नाही तरी निघायचं.”

पिकअपचा ड्रायव्हर होता कॉर्पोरल लुक ट्रेम्ब्ले, क्यूबेकचा. मी म्हटलं, “लुक, ही ऑर्डर नाही. तू येतोस—”

“येतो. माझी मेमेर सूपला दोनदा नको म्हणते आणि मग पातेलं पुसून खाते.” मेमेर म्हणजे त्याची आजी.

२:४३ला मी आत गेले. बाई किचनमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्यांचा चेहरा खुलला.

“अगंबाई, आपल्याकडची! कुठली व तू?”

“सांगलीची. आजी, चला. गाडी उभी आहे.”

“नको व माय. लेकराबाळांना न्या आधी.”

“ती गेली पुढे. आमची गाडी रिकामी आहे.”

“माझं काय राहिलंय आता? तुम्ही निघा. चहा तरी घेतला असता.”

“आजी, तुम्ही उठल्याशिवाय मी हलणार नाही.”

त्या टेबलाला हात टेकून उठल्या. “एवढं म्हणतेस तर...”

औषधं, पासपोर्ट, चष्मा. दुसरा चष्मा. रेडिओवर सार्जंटचा आवाज खरखरला.

“टू-वन अल्फा, लोकेशन?”

“घरातच. निघतोय.”

“वेळ संपली.”

“कळलं.”

निघालो २:५८ला. पाच मिनिटं उशीर.

रस्त्याच्या दोन्ही बाजू पेटल्या होत्या. लुक वाकून, पांढरी रेघ बघत गाडी चालवत होता. ३:०६ला डावीकडचं जळतं स्प्रूसचं झाड केबिनवर कोसळलं, ड्रायव्हरच्या बाजूला. मी लुकची नाडी पाहिली. दोनदा पाहिली. मग आजींना माझ्या दारातून बाहेर काढलं, ओलं ब्लँकेट डोक्यावर घातलं आणि चालायला लावलं. सार्जंट चेकपॉइंटवर ट्रक रिकामा करून परत आला होता. त्याला तशी ऑर्डर नव्हती. लुकला आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढलं.

चौकशी झाली. माझ्यावर ठपका आला नाही. पण लोकांचा निकाल वेगळाच असतो. एडमंटनच्या मराठी मंडळात सगळे म्हणाले, “योग्य केलंस, म्हाताऱ्या बाईला कोण टाकून येतं?” लुकचं नाव एकानेही विचारलं नाही. युनिटमध्ये सगळे लुकबद्दल बोलत. आजी जगल्या का, हे तिथे कुणी विचारलं नाही.

आजींना मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

“त्या पोराचं ऐकलं,” त्या म्हणाल्या. “पोरी, मी मनापासून नको म्हटलं होतं.”

“मग उठलात का?”

“तू एवढा आग्रह केलास. मोडवेना.”

सार्जंटला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मला सांगितलंस ते पुरे. तिच्या मुलाला सांगू नकोस.” मी सांगितलं नाही.

लुकची आई अंत्यविधीनंतर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मेमेर तिच्या दंडाला धरून होती. आईने एवढंच विचारलं, “त्याला ऑर्डर होती, की विचारलं होतं?”

“विचारलं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हो म्हणाला.”

तिने मान हलवली. “तसाच होता,” ती म्हणाली.

कॉर्पोरल लुक ट्रेम्ब्ले. वय सव्वीस. गाडी चालवताना शीळ घालायचा, नेहमी बेसूर.