म्हातारा जित्ता शे

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या एका जुन्या मित्राचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरींत तो तांब्याची नवी तार भरतो आणि वेढे मोजता मोजता भांडतो. भांडण एकच. कॉलेजात असताना आम्ही आपापल्या घरी जो व्हिडिओ गेम खेळलो, त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी म्हातारा सेनापती मरतो की नाही?

पुढचे चार भाग त्याच्या मरणावरच उभे आहेत. हा मात्र म्हणतो, "म्हातारा जित्ता शे, भाऊ. पुढलं बठ्ठं खोटं शे." मग पुटपुटतो, "बेचाळीस," आणि पुढचा वेढा घालतो. गेमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार भुसावळपर्यंतचे लोक त्याला समजावून थकले. मीही थकलो.

परवा त्याने पुरावा म्हणून जपून ठेवलेली सीडी काढली. वर स्केचपेनने नाव लिहिलेली, एकच सीडी. मूळ गेम तीन सीड्यांचा होता. नक्कल करणारे तेव्हा एकीत बसवायला गोष्ट सांगणारे व्हिडिओच कापायचे. म्हाताऱ्याचं मरण त्यातच गेलं होतं.

मी मोबाईलवर तो प्रसंग लावून दिला. त्याने तार सोडली, शेवटपर्यंत पाहिलं आणि मोबाईल परत दिला.

"हाई कंपनीनी नंतर टाकेल शे," तो हळूच म्हणाला.

"असेल," मी म्हणालो.

त्याने तार पुन्हा हातात घेतली. किती वेढे झाले होते, ते त्याला आठवेना. मग त्याने भरलेली सगळी तार उलगडली आणि म्हणाला, "एक."